पाण्यावरचा तवंग

सुनीलने टाकीत बोट बुडवलं. बोट वर आलं ते तेलकट होऊन. इंजिन थंड ठेवणाऱ्या हिरव्या पाण्यावर पिवळसर तवंग पसरला होता.

"इंजिन चालू केलं नाहीये मी," गेणू मास्तर म्हणाले. "सकाळी झाकण काढून बघितलं, तेल दिसलं, लगेच तुला फोन लावला."

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मास्तर खुर्ची टाकून बसले होते. नाशिक रोडच्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी शिकवली होती. सुनीलला तर गाडी शिकवून गॅरेजच्या धंद्यालाही त्यांनीच लावलं होतं. उद्या ते निफाडला लेकीकडे निघणार होते. नातीला, सृष्टीला, सुट्टीसाठी आणायचं होतं. येताना रस्त्यातली एकेक पाटी तिने वाचायची आणि तिचा अर्थ आजोबांनी सांगायचा, असं दोघांचं ठरलं होतं. गाडीत तिसरं कुणी नाही.

पाण्यात तेल म्हणजे वाईट लक्षण. इंजिनच्या आत तेलाची वाट वेगळी असते, पाण्याची वेगळी. दोन्हींच्या मधलं गॅस्केट फाटलं की तेल पाण्यात शिरतं आणि सगळं इंजिन उघडावं लागतं. सुनीलचा हात पान्याकडे गेला, पण तो थांबला. आधी कारण, मग पाना, हे मास्तरांनीच त्याला शिकवलेलं.

त्याने इंजिन ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल काळंकुट्ट होतं आणि त्यात पाण्याचा मागमूस नव्हता. टाकीतलं तेल मात्र पिवळं होतं. शिवाय गॅस्केट फाटलं असतं, तर चालत्या इंजिनने तेल आणि पाणी घुसळून त्याचा पार चहा केला असता. इथे तेल सायीसारखं निवांत वर पडून होतं. म्हणजे गाडी शेवटची थांबल्यावर कुणीतरी ते वरून ओतलं होतं.

त्याने पान्याच्या टोकावर दोन थेंब घेतले आणि खाली लायटर धरला. वास आला तो गरम भज्यांचा.

सुनीलने मास्तरांकडे पाहिलं. एरवी एव्हाना त्यांनी प्रश्न विचारून भंडावून सोडलं असतं. आज त्यांनी अजून काहीच विचारलं नव्हतं.

"चहाचं बघतो," म्हणून ते उठले. खुर्चीला लागूनच ठेवलेल्या हत्यारांच्या ट्रेला त्यांचा पाय लागला. पाने फरशीवर खणखणले.

"वाटेत कशाला मांडतोस रे दुकान?" असं पुटपुटत ते जिन्याकडे गेले.

मास्तरांच्या पत्नी चंद्रभागाकाकू पाण्याचा तांब्या घेऊन जिन्यापाशीच उभ्या होत्या. मास्तर वर जाईपर्यंत सुनील थांबला.

"काकू, हे तेल तुमच्या स्वयंपाकघरातलं आहे. शेंगदाण्याचं."

काकूंनी तांब्या खाली ठेवला. "मीच ओतलं."

"तुम्ही?"

"त्यांना बाजूचं दिसत नाही रे. समोर असेल तेवढंच दिसतं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितलाय. परवा जेल रोडला एक सायकलवालं पोरगं गाडीला घासून पडलं. खरचटण्यावर निभावलं म्हणून बरं. मी म्हटलं, आता गाडी काढू नका. तर म्हणाले, तू मला शिकवू नकोस. आणि उद्या सृष्टीला घेऊन यायचं म्हणतात. काय करायचं मी?"

सुनीलने बॉनेट खाली आपटून बंद केलं. हात तसाच त्याच्यावर राहिला.

"काकू, बॉनेट उघडा जरा."

"आता कशाला?"

"तेल ओतताना उघडलंत तसं."

काकू पुढे आल्या. त्यांनी बॉनेटच्या फटीत बोटं घातली आणि ओढलं. ते हललंसुद्धा नाही. त्यांनी पुन्हा ओढलं. ते उघडायचा खटका आत, स्टेअरिंगच्या खाली होता. संसार गाडी शिकवणाऱ्या माणसाबरोबर झाला, पण ड्रायव्हरच्या सीटवर काकू कधी बसल्या नव्हत्या.

त्यांनी हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

"त्यांना विचारू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "पहाटे त्यांना तेलाची बाटली घेऊन खाली जाताना पाहिलं मी. तशीच डोळे मिटून पडून राहिले मी."

जिन्यावर पावलं वाजली. मास्तर कठड्याला धरून, पायरी चाचपत उतरत होते. दुसऱ्या हातात चहाचा थर्मास होता.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"हेड गॅस्केट गेलंय, मास्तर. इंजिन उतरवावं लागेल. महिनाभर तरी गाडी विसरा."

"ऑइलची पट्टी बघितलीस?"

"बघितली."

"कशी होती?"

सुनीलने मान वर केली नाही. "पाणी होतं ऑइलमध्ये."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. लाल सिग्नल तोडून वर हिरवा होता म्हणणाऱ्या शिकाऊ पोराकडे ते असेच बघायचे. मग त्यांनी एकदा काकूंकडे पाहिलं. त्यासाठी त्यांना अख्खी मान वळवावी लागली. काकूंच्या पदराला तेलाचा नाही, बॉनेटवरच्या धुळीचा डाग पडला होता.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सृष्टीचा आवाज पार्किंगभर ऐकू आला.

"आजोबा, उद्या पहिली पाटी मी वाचणार. अर्थ तुम्ही सांगायचा."

"उद्या गाडी..." मास्तर म्हणाले आणि अडखळले.

सुनीलने मान हलवली. सांगून टाका, असं त्याने नजरेनेच सुचवलं. गॅस्केट गेलं म्हणा, सुटाल.

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गाडीला काही झालेलं नाही, बाळा," ते म्हणाले. "आजोबांना दिसेनासं झालंय."