लांडग्याच्या पायाखालचं गवत

खरूज समजून ती महिनाभर म्हाताऱ्या कुत्र्याच्या मानेला मलम चोळत होती. तिथे केस म्हणून टिकतच नव्हते. मलमाचा उग्र वास घरभर पसरायचा. नवरा नाक दाबून ओरडायचा, "शी! त्याला माझ्या टेबलाकडे फिरकू देऊ नकोस!"

टेबलावर त्याचे बोटाएवढे प्लास्टिकचे लांडगे मांडलेले असत. रंगाचा ब्रश बेलाशक जिभेवर ओला करून हा गृहस्थ त्यांचे सुळे रंगवायचा, मग एकेकाला चकतीवर उभा करून पायाशी वाळू आणि सुकं गवत चिकटवायचा.

आज त्यानं कौतुकानं एक लांडगा तिच्या तळहातावर ठेवला. "गवत बघ. खरं वाटतं की नाही?"

राखाडी, टोकाशी पिवळट गवत. तिनं दाराकडे पाहिलं. तिथे पडलेल्या कुत्र्यानं नवऱ्याच्या हातातली कात्री बघून अंग चोरलं.

तिला शिसारी आली. "तू कापत होतास? आणि मी वेड्यासारखी मलम..."

"तेच सांगणार होतो," तो म्हणाला. "अजून दोन लांडगे उरलेत. तेवढे होईपर्यंत मलम लावू नकोस. तेलकट केसांना गोंद धरत नाही."