एका शब्दाची दुरुस्ती

थोरामोठ्यांचे मृत्युलेख वर्तमानपत्रात आधीच लिहून ठेवतात. नव्वदीतल्या एका नामवंत गिर्यारोहकांचाही तयार होता. मथळा त्यांच्याच गाजलेल्या वाक्याचा होता: 'शिखरावर माणूस एकटाच असतो.'

त्यांची बायको गेल्याची बातमी आली, तशी उपसंपादिकेने लेख काढून 'त्यांच्या पश्चात पत्नी' मधली 'पत्नी' खोडली आणि मगच सांत्वनाला फोन केला.

"काय गं, माझा लेख दुरुस्त केलास ना?"

चोरी पकडल्यासारखी ती ओशाळली. "एकच शब्द काढला, काका."

"मग मथळाही काढ. मी शिखरावर होतो, तेव्हा ती खाली तंबूपाशी दुर्बिणीला डोळे लावून बसली होती. एकटा मी आत्ता झालोय."