फेडायची घाई

"घ्या मोजून. आन् माझं नाव तुमच्या कॉम्प्युटरातून पुसून टाका."

सिद्धम्मानं नोटांची गड्डी अशी आपटली की काउंटरवरच्या पावत्या उडाल्या. पालमच्या बाजारातलं बन्सीधर शेठचं हे फ्रिज-टीव्हीचं दुकान. दोन महिन्यांपूर्वी इथंच तिनं जन्मातली पहिली उधारी केली होती. दहा हप्त्यांवर फ्रिज.

फ्रिजवाचून घरात कुणाचं अडलं नव्हतं. अडलं होतं बँकेत. सुनेला, ऋतुजाला, गावात मिरची कांडपायची मशीन टाकायची होती. घर सिद्धम्माच्या नावावर, म्हणून अर्जही तिच्याच नावानं. साहेबांनी बघून सांगितलं, "मावशी, तुमचा सिबिल स्कोअरच निघत नाही. तुम्ही कधी कर्जच घेतलं नाही, मग वेळेवर फेडता की नाही हे आम्हाला कळणार कसं? आधी लहानसं काहीतरी घ्या, नीट फेडा, मग या."

"कुणाचं घ्यायची पाळीच आली न्हाई, ह्याच्याहून चांगलं काय असतंय?" असं तिनं ठणकावून विचारलं होतं. साहेबांनी अर्ज परत तिच्या हातात दिला. म्हणून हा हप्त्यांवरचा फ्रिज.

बन्सीधर शेठनं नोटांना हात लावला नाही. "आठ हप्ते राहिलेत, सिद्धम्मा. पाच तारीख आली की तुमच्या खात्यातून आपोआप कटतात. घाई काय आहे?"

"दोन शेळ्या इकून आलेय. आमच्या घरी उसनं आणलेलं पीठबी दिवस मावळायच्या आत वापस जातंय. सकाळी डोळा उघडला की तुमचा फ्रिज दिसतो, वसुलीला आल्यावानी उभा. मला अन्न गोड लागंना."

"लोक माझ्या पाया पडतात मुदत वाढवा म्हणून. मुदत नको म्हणून भांडणारी बाई मी पहिल्यांदाच बघतोय."

"मग बघून घ्या. तिकीट न्हाई."

तिनं गड्डी पुढं सरकवली. तेवढ्यात शेजारी उभ्या ऋतुजानं तिचं मनगट धरलं.

"आत्या, आज सगळं फेडलं तर नोंद दोनच महिन्यांची राहील. साहेबांना तारखेला तारीख कटलेले हप्ते दिसायला पायजेत. एवढ्यावर आपल्याला मशीन भेटायची न्हाई."

"म्हंजे पैसे हायेत, तरी देयाचे न्हाईत?"

"न्हाई. लवकर न्हाई, उशिरा न्हाई. तारखेला."

"पैसे माझ्या हातात, कर्ज माझ्या डोक्यावर, आन् दोघांनी आठ महिने एकमेकांचं तोंड बघत बसायचं? कुण्या शहाण्यानं काढलं हे?"

शेठ पावत्या गोळा करत राहिला. ऋतुजानं मनगट सोडलं नाही. चार घरच्या मिरच्या उखळात कुटून कुटून तिचे तळवे सोलले होते. त्या हाताची आग सिद्धम्माच्या मनगटाला लागत होती.

सिद्धम्मानं तो हात उलटा केला. एकदा बघितला.

मग गड्डी उचलली आणि सुनेच्या पिशवीत कोंबली. "आत्ताच्या आत्ता बँकेत नेऊन भर. माझ्याजवळ ठेवू नको. उद्या सकाळी फ्रिज दिसला की मी परत इथं येऊन उभी राहीन."

"आठ महिने दम निघंल का, आत्या?"

"देयाला जमतंय तिला थांबायलाबी जमतंय. चल."

पैसे खात्यात भरून दोघी स्टँडवर आल्या. एसटीत शिरल्या तर पुढच्याच सीटवर गावातली केशरबाई. हिच्या कानावर पडलेलं सांज व्हायच्या आत गावभर होतं.

"काय गं सिद्धम्मा, फ्रिज घेतला म्हणं? रोखीनं घेतला असशील?"

ऋतुजानं मान खाली घातली. दोन महिने सासूनं साऱ्या गावाला 'रोखीनं' असंच सांगितलं होतं.

सिद्धम्मा ऐसपैस बसली. ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"उधारीवर घेतला. आठ हप्ते राह्यलेत अजून. तुला देतंय का कुणी?"