निळ्या कडेचा आणा
युद्धामुळे सुट्या नाण्यांची टंचाई झाली आणि सरकारने सुटे साठवणं गुन्हा ठरवलं. राजूरच्या शाळेतल्या सुनीतीबाईंकडे हवालदार आला, तेव्हा त्यांनी आपला साठवणीचा डबा स्वतःच उघडला. आत निकेलचे एकोणीस जुने आणे होते. “बाई, हे जप्त करावं लागंल.” “घरखर्चातले एकोणीस न्या. हे मिळणार नाहीत.” “एवढं काय हाय ह्यात?” “दोन एकसारखे दाखवा, डबा तुमचा.” हवालदार उजेडाला ओट्यावर बसला. एकाची कड हळदीसारखी, एकावर जांभळी झाक, एकावर मोरपंखी निळाई. रंग हवेने वर्षानुवर्षं चढवलेले. सगळे उलटूनपालटून पाहिले, तरी जोडी जुळेना. बाईंनी घरखर्चाचे आणे त्याच्या हातावर ठेवले. निघताना हातातले आणे पाहून तो थबकला. “बाई, ह्याची कड निळी व्हाया लागलीय!” घरखर्चातला तो आणा बाईंच्या नजरेतून निसटला होता. हवालदाराने त्याऐवजी स्वतःचा एक आणा जप्तीच्या आण्यांत मिसळला आणि निळा खिशात जपून ठेवला.