वार्ताहर व्हायचंय कुणाला?

कुमुद आत्राम दहावीच्या वर्गात आपल्या कामाविषयी सांगायला आल्या होत्या. जिल्ह्यात त्या एकट्याच वार्ताहर उरल्या होत्या. बातम्या आता यंत्र निवडायचं. ज्याला जे वाचून बरं वाटेल, तेवढंच त्याच्या पडद्यावर यायचं. आज एकाही मुलाने नाव दिलं नाही, तर कुमुदताईंनंतर हे पदच बंद होणार होतं.

“चार दिवसांपूर्वी नदीवरचा नवा पूल कोसळला,” त्या म्हणाल्या. “कुणी वाचलं?”

एकही हात वर आला नाही. ती बातमी त्यांनी स्वतः चिखलात उभं राहून लिहिली होती.

घंटा झाली. मुलं जेवायला पळाली. सगुणा मडावी तेवढी बाकावर बसून राहिली.

“मॅडम, माझा मामा आमच्याकडेच राहतो, त्या पुलावर कामाला आहे. पण घरी यंत्र म्हणतं, तो सुखरूप आहे. आई त्याच्यासाठी रोज भाकरी झाकून ठेवते.”

“नाव काय मामाचं?”

“बिरजू कोवे.”

कुमुदताई तिच्याशेजारी बसल्या. गेलेल्या तिघांमध्ये ते नाव होतं, आणि त्याचं घर शोधत त्या दोन दिवस फिरल्या होत्या. त्यांनी वही उघडून तिच्यापुढे ठेवली. सगुणाने ते पान वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

तिने विचारलं, “आईला कसं सांगायचं?”

“खरं सांगायचं,” कुमुदताई म्हणाल्या. “आणि सांगून झाल्यावर लगेच उठायचं नाही. चल, मी येते.”

नावं लिहायचा कोरा कागद टेबलावरच राहिला.