कराचीची बदली

"आन कर कुठल्या सरकारला भरायचा, साहेब? इथल्या की तिथल्या?"

हेडक्लार्कच्या खिडकीशी उभ्या असलेल्या बद्रुद्दीन फिटरचा हा प्रश्न पोपटच्या कानावर पडला, आणि हातातला पाना त्यानं हळूच खाली ठेवला. कर्जतच्या लोकोशेडात जेवणाची सुट्टी झाली होती. आसपास कुणी नाही, असं बद्रुद्दीनला वाटलं असावं.

"पगार जिथं, कर तिथं," हेडक्लार्क म्हणाले. "बदली म्हणून गेलास तर तुझी इथली चाकरी धरतील. सोडून गेलास तर सगळी पाण्यात."

"आन तिकडून हिकडं येणाऱ्याची?"

"त्याचीही धरतात. पण नीट विचार कर, बद्रुद्दीन."

"केलाय साहेब. कुणाला बोलू नका, एवढंच."

पोपटच्या डोक्यात तिडीक गेली. पाकिस्तानात चाललाय लेकाचा, आणि जायच्या आधीच परतीची सोय बघून ठेवतोय!

फाळणीला सहा महिने होत आले होते. पोपटचा धाकटा भाऊ हिरामण महायुद्धाच्या आधीपासून कराचीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होता. बायको सुंदरा बाळंतपणाला पळसदरीला आली, ती इथंच राहिली. मूल बसायला लागलं, तरी बापानं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. मग कराचीत दंगल झाल्याची बातमी आली. तिथंच कामाला असलेला लोधिवलीचा गजा कसाबसा बोटीनं परतला, त्यानं निरोप आणला. इंजिनाच्या कामाची माणसं तिथले साहेब सोडत नाहीत. हिरामण पळून आला तर नोकरी गेली, आणि वाटेत सापडला तर जिवाचाही भरवसा नाही.

तेव्हापासून दोघांची म्हातारी आई भागूबाई उंबऱ्यात बसून होती. अन्नावरची तिची वासना उडाली होती. बद्रुद्दीन रोज संध्याकाळी येऊन तिच्याजवळ बसायचा, तिला दोन घास खायला लावायचा. आता त्या आठवणीनंही पोपटचं रक्त उसळलं.

संध्याकाळी रुळांच्या कडेनं पळसदरीला परतताना त्यानं बद्रुद्दीनला गाठलं.

"बद्रुभाई, खरं सांग. पाकिस्तानात चाललास?"

बद्रुद्दीन चालतच राहिला. "व्हय."

"तिथं तुझं कोण हाय रं? लेक जुबेदा नेरळला दिलेली. बायको इथल्या मातीत."

"काम हाय."

"माझा भाऊ तिथं जीव मुठीत धरून बसलाय, आन तू आपल्या पायानं जातोस?"

बद्रुद्दीन थांबला. "हिरामण फिटरच हाय ना अजून? का वर चढला?"

"फिटर. तुला काय करायचंय?" आणि पोपटला एकदम लख्ख दिसल्यासारखं झालं. "त्याला हाकलून त्याच्या जागेवर बसायचं हाय काय तुला?"

 बद्रुद्दीन मान खाली घालून पुढं निघाला. नाही म्हणाला नाही, हे पोपटनं पक्कं ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या शेडाला कळलं. बद्रुद्दीनशेजारी जेवायला कुणी बसेना. जड काम निघालं तरी त्याला कुणी हातभार लावेना. कुणीतरी त्याच्या डब्यात राख ओतली. त्यानं डबा नळावर धुतला आणि उपाशीच कामाला लागला. पोशा हातोडेवाला उघड म्हणाला, "जायच्या दिवशी हाडं मोडू." पोपट आपला पाना आवळत राहिला.

जुबेदा नेरळहून धावत आली. बापाकडं डाळ शिजली नाही, तेव्हा पोपटच्या दारात उभी राहिली.

"पोपटकाका, अब्बांना अडवा. मला कायबी सांगत नाहीत. तुमचं नाव काढलं की नुसते गप्प बसतात."

"बोलायला तोंड पाहिजे ना," पोपट म्हणाला.

आत भागूबाई पुटपुटली, "बद्रू आला नाय गं चार दिस?" 

जायच्या दिवशी सकाळी मुंबईच्या गाडीला शेडातली वीसेक माणसं फलाटावर जमली. पोशानं फडक्यात लोखंडी कांब गुंडाळून आणली होती. बद्रुद्दीन खांद्यावर ट्रंक घेऊन आला. मागं जुबेदा रडत होती. माणसं बघून तो क्षणभर घुटमळला. मग सरळ पोपटच्या समोर येऊन उभा राहिला.

पोशाचा हात हलला. पोपटनं त्याचं मनगट धरलं.

"जाऊ दे. हात कशाला घाण करतोस?"

पोशानं पाठ फिरवली. मग एकेकानं फिरवली. बद्रुद्दीन त्या पाठींकडं बघत राहिला. या माणसांबरोबर त्यानं उभा जन्म काढला होता.

"मावशीला जेवायला घाल, पोपट," तो म्हणाला. "म्हणावं, बद्रूची शप्पथ हाय."

पोपट त्याच्या पायाशी थुंकला.

गाडी हलली तेव्हा फलाटावर फक्त जुबेदा होती.

पंधरवडा उलटला असेल. पोपट कामावरून परतला तर दारात ही गर्दी.  माणसं बाजूला सारत तो आत शिरला. भागूबाईच्या पुढ्यात हिरामण बसला होता, वाळून काटकी झालेला. म्हातारी दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपत होती. सुंदरानं पोर त्याच्या मांडीवर ठेवलं होतं, आणि ते बापाच्या दाढीला हात घालत होतं.

पोपटनं भावाला मिठीत घेतलं. 

"पळून आलास रं?"

"नाय दादा. रीतसर आलो. उद्यापास्नं कर्जतच्या शेडात हजर व्हायचंय. चाकरी तुटली नाय."

"देव पावला," पोपट डोळे पुसत म्हणाला. "पण त्यांनी सोडला कसा तुला?"

"इथला एक फिटर माझ्या जागी यायला कबूल झाला, दादा."