आदल्या दिवशीचा आवाज

चौथ्या ड्राइव्हनेही डीव्हीडी बाहेर टाकली, तरी बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. मागे दोन खुर्च्यांवर कवायतीचे मास्तर आणि त्यांची बायको बसली होती. त्यांचे चेहरे बघून काय सांगायचं, ते बाईंचं अजून ठरत नव्हतं.

बाईंनी या रुग्णालयात तीस वर्षं वाचाउपचाराचं काम केलं होतं. घशाच्या कॅन्सरपायी ज्याचं स्वरयंत्र काढायचं, त्याला त्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कॅमेऱ्यासमोर बसवत. एक ठरलेला उतारा वाचायचा, वीसपर्यंत आकडे म्हणायचे आणि शेवटचं एक मिनिट ज्याचं त्याला, मनाला येईल ते बोलावं. अशा अकराशे डीव्हीडी तळघरातल्या कपाटांत साठल्या होत्या. शनिवारपर्यंत तळघर रिकामं करायचं होतं. डीव्हीडींनी तर त्याच्या आधीच निरोप घ्यायला सुरुवात केली होती. कित्येकींच्या पाठीवर बुरशीसारखे डाग चढले होते. निवृत्त होऊन चार महिने झालेल्या बाई मग पदर खोचून पुन्हा येऊन बसल्या, कारण दुसरं कोणी बसणार नव्हतं.

संगणकवाल्याने एका संगणकाला सहा ड्राइव्ह जोडून दिले होते. एका डीव्हीडीची नक्कल संगणकात उतरली की त्या ड्राइव्हचा खण आपोआप बाहेर यायचा. ती उचलून नवी ठेवावी, तोवर शेजारचा खण तोंड उघडून तयार. शिपाई येता-जाता म्हणायचा, बाई, सहा लेकरं आणि सहाही खादाड. बाई हसायच्या, पण हात थांबवायच्या नाहीत. ऐकायलाही बसायच्या नाहीत. पहिल्या दिवशी दोनच डीव्हीडी ऐकल्या होत्या आणि सगळी दुपार गेली होती.

जुन्या नोंदींतले फोन नंबर मात्र त्या फिरवून बघत. बरेचसे बंद होते. काही ठिकाणी कोणीतरी उचलायचं आणि ‘ते गेले’ एवढं म्हणून फोन ठेवून द्यायचं. मास्तरांच्या घरी बायकोने उचलला आणि तासाभरात ती मास्तरांना घेऊन हजर झाली.

मास्तरांच्या एका हाकेवर म्हणे शाळेचं अख्खं मैदान ताठ उभं राहायचं. त्याला आता नऊ वर्षं झाली. गळ्यावर पांढरा रुमाल, त्याखाली श्वासाचं भोक आणि शर्टाच्या खिशात गळ्याला लावून बोलायचं यंत्र. त्यातून निघणारा आवाज सगळ्यांचा सारखाच, सपाट आणि घरघरता. यांना यायचंच नव्हतं, मीच ओढून आणलं, हे बायकोने दारातच सांगून टाकलं होतं. मग खुर्चीत बसताना ती हळूच म्हणाली होती, “मला यांचा आवाज आठवत नाही हो. मोठा होता, एवढं माहीत आहे. पण कानात येत नाही.”

पाचव्या ड्राइव्हनेही मास्तरांची डीव्हीडी नाकारली. बाईंनी ती मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली आणि सहाव्यात ठेवली. हा ड्राइव्ह सगळ्यांत जुना आणि रडतखडत चालणारा. तो घरघरला, अडला, पुन्हा फिरू लागला. बाकीचे पाच आपापलं काम करत राहिले. बाई त्यांना भरवत राहिल्या. अर्ध्या तासाने पडद्यावर नाव उमटलं. बाईंनी आवाज वाढवला.

पडद्यावर पांढऱ्या शर्टातला धिप्पाड माणूस सावधान उभं राहावं तसा खुर्चीत बसला होता. त्याने उतारा वाचायला सुरुवात केली. पहिल्याच वाक्याला बायको म्हणाली, “हाच,” आणि तिने तोंडावर पदर धरला. मास्तर जमिनीकडे बघत होते. आकडे त्यांनी मैदानावर म्हणावेत तसे म्हटले होते, प्रत्येकाला ठोका देऊन.

मग बाईंचाच जुना आवाज आला. “आता एक मिनिट तुमचं, मास्तर.”

पडद्यावरच्या माणसाने शर्टाची कॉलर सारखी केली.

“काय बोलायचं?” तो शेवटी म्हणाला. “सांगायचं ते घरी सांगून आलोय.”

चित्रण तिथेच संपलं. बाई खुर्चीसकट मागे वळल्या.

बायको रिकाम्या पडद्याकडे बघत राहिली. बोलली तेव्हा तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. “काही सांगितलं नव्हतं यांनी. आदल्या रात्री भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी दोनदा विचारलं. झोप म्हणाले.”

मास्तरांनी खिशातून यंत्र काढलं आणि गळ्याला लावलं. ते एकदा गुरगुरलं. त्यांनी ते काढून टेबलावर ठेवून दिलं. मग आपली खुर्ची बायकोसमोर ओढली, इतकी जवळ की गुडघ्याला गुडघा लागला, आणि नुसत्या ओठांनी बोलायला लागले. आवाज नव्हता, श्वासही रुमालाखालून जात होता. बायको पुढे झुकली. तिने डोळे त्यांच्या तोंडावरून हलवले नाहीत.

बाईंना ओठ वाचता यायचे. तीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. पहिले दोन शब्द त्यांना कळलेसुद्धा. त्यांनी आपली खुर्ची ड्राइव्हांकडे वळवली.

पहिला खण बाहेर आला. मग तिसरा, मग दुसरा. होता होता सहाही खण बाहेर येऊन थांबले, आणि खोलीत कसलाच आवाज उरला नाही. बाईंनी एकालाही हात लावला नाही.